'लेव्हिटी'ला मराठीत नेमकं काय म्हणाल?

पागोळी
बाबांना जाऊन चार वर्षं झाली. गेल्या रविवारी आईच्या पलंगाखालची ट्रंक आवरायला काढली. तळाशी, घडी घातलेल्या वर्तमानपत्राखाली एक पातळ कागद मिळाला. टाइपरायटरची कार्बन प्रत, अक्षरं जांभळट पडलेली. डाव्या कोपऱ्यातली टाचणी गंजून गेलीय आणि तिचा तपकिरी डाग खालच्या वर्तमानपत्रावरही उतरलाय. तारीख ऑगस्ट १९७१.

बाबा तेव्हा पुण्यात एका केंद्र सरकारी कचेरीत यूडीसी, म्हणजे वरिष्ठ लिपिक होते. गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा त्यांना कळवणारं हे पत्र आहे. शेरा जेमतेम दीड ओळीचा: काम समाधानकारक, परंतु स्वभावाचा कल 'लेव्हिटी'कडे.

शब्दकोश पाहिले. थिल्लरपणा, उथळपणा, चंचलपणा, गांभीर्याचा अभाव. यातला एकही शब्द मला बाबांना लावावासा वाटत नाही. ते थट्टा करायचे, पण रोज पावणेदहाला खुर्चीत असायचे आणि घरी आणलेल्या फायलीवर चहाचा थेंब पडू द्यायचे नाहीत. बारावीतल्या भाच्याला विचारलं, तर त्याने हा शब्दच ऐकलेला नाही.

म्हणून इथे विचारते. १९७१ साली एखाद्या साहेबाने हा शब्द लिहिला, तेव्हा त्याच्या मनात काय असेल? आणि मराठीत नेमका शब्द कोणता? आई ८१ वर्षांची आहे, तिला इंग्रजी येत नाही. कागद सापडल्यापासून ती रोज विचारते, "काय लिहिलंय गं त्यांच्याबद्दल?" मी रोज टाळते.

अडकित्ता
थिल्लरपणा. शब्दकोश बरोबर आहेत.

वाळवण
पोरकटपणा?

तिरफळ
अडकित्ता, मला नाही पटत. थिल्लर म्हटलं की कॉलेजच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारणारा डोळ्यांसमोर येतो. सरकारी साहेब कागदावर एवढा कडक शब्द लिहील असं वाटत नाही. आणि पोरकटपणात वयाचा संबंध येतो. साठीचा माणूसही 'लेव्हिटी' करू शकतो.

भूर्जपत्र
पागोळी ताई, आधी शब्दाचं कूळ सांगतो, मग अर्थाकडे येऊ.

लॅटिनमध्ये 'लेव्हिस' म्हणजे हलका आणि 'ग्रॅव्हिस' म्हणजे जड. पहिल्यापासून लेव्हिटी आली, दुसऱ्यापासून ग्रॅव्हिटी. हे दोन्ही शब्द वस्तूला लागत तसेच माणसालाही लागत. किंबहुना इंग्रजीत ग्रॅव्हिटी आधी माणसाच्या चेहऱ्यावर आली, पदार्थाच्या वजनाशी तिचा संबंध नंतर जोडला गेला. न्यूटनचा ग्रंथ १६८७ चा. त्याच्या कितीतरी आधीपासून न्यायाधीश आणि बिशप 'ग्रॅव्हिटी' बाळगून होते.

रोमन लोकांत ग्रॅव्हितास हा कर्त्या पुरुषाचा मोठा गुण समजत. बोलण्याला वजन, चालण्याला वजन, शब्दाला वजन. लेव्हितास हे त्याच्या उलटचं दूषण. सिसेरो या रोमन वक्त्याने ग्रीकांना नावं ठेवली ती ह्याच शब्दाने. ते हुशार खरे, पण हलके, त्यांच्या शब्दावर विसंबू नये. म्हणजे तुमच्या वडिलांच्या साहेबाने, त्याला ठाऊक असो वा नसो, रोमन सभागृहातला सूर लावला होता.

आता आपल्या घरची गोष्ट. 'लेव्हिस' आणि संस्कृत 'लघु' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. 'ग्रॅव्हिस' आणि 'गुरु' हेही तसेच. ग्रीकमधला 'बारुस' याच गुरुचा भाऊ, त्यापासून बॅरोमीटर. आपण ग्रॅव्हिटीला गुरुत्व म्हणतो तेव्हा हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली भावंडं शेजारी बसतात.

त्याच हिशेबाने लेव्हिटी म्हणजे लाघव. आणि 'लाघवी' म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात काय येतं? लाघवी बोलणं. लाघवी पोर. जादूगाराचं हस्तलाघव. व्याकरणकारांना सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद होतो असं संस्कृतात वचन आहे, तिथेही शब्द 'लाघव' हाच. रोममध्ये जो हलकेपणा दोष ठरला, त्याच्या भावाला आपण कौतुकाने जवळ घेतलं.

सदाफुली
सुंदर प्रतिसाद. एक शंका: कबरीला इंग्रजीत ग्रेव्ह म्हणतात, तेही ह्याच ग्रॅव्हिसपासून ना?

भूर्जपत्र
नाही. तो शब्द जुन्या इंग्रजीतला, खणण्याशी संबंधित. उच्चार जुळला एवढंच. दुःखाचा 'ग्रीफ' मात्र ग्रॅव्हिसच्याच घरातला आहे, मनावरचं ओझं.

अडकित्ता
लाघवी हा शब्द गोड आहे हे मान्य. पण त्याच मुळातून 'हलका' आणि 'हलकट'ही आले असतील ना? ती बाजू का लपवता?

भूर्जपत्र
लपवत नाही, अर्धा प्रतिसाद लिहायचा राहिला होता. 'हलका' हा लघुच आहे. प्राकृतात लघुकचं 'लहुअ' झालं आणि 'हलुअ'ही झालं, ल आणि ह यांनी जागा बदलल्या. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात या अदलाबदलीचं वेगळं सूत्र दिलं आहे. जो शब्द संस्कृताच्या वाटेने आला तो लाघवी झाला, जो प्राकृताच्या वाटेने, लोकांच्या तोंडून झिजत आला तो हलका. आणि हलका हा शब्द दोन्हीकडे जातो. "हलक्या कानाचा" वाईट, "मन हलकं झालं" चांगलं.

वाळवण
लघुशंका राहिली.

सदाफुली
वाळवण, तिथेही शेवटी हलकंच वाटतं.

काजवा
मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, त्यामुळे या शब्दाची एक वेगळी बाजू मला फार आवडते.

अॅरिस्टॉटलच्या विचारात जडपणा आणि हलकेपणा हे दोन स्वतंत्र गुण होते. माती आणि पाणी स्वभावतः खाली जातात, हवा आणि अग्नी स्वभावतः वर जातात. म्हणजे हलकेपणा ही वजनाची उणीव मानलेली नव्हती. वर जाण्याचा तो स्वतःचा जोर होता, आणि युरोपच्या विद्वानांच्या भाषेत त्याचं नाव लेव्हिटी.

ही कल्पना इतकी चिवट होती की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातही ती पुन्हा डोकं वर काढते. धातू जळताना त्यातून 'फ्लॉजिस्टन' नावाचं काहीतरी निघून जातं असं तेव्हा मानत. पण जळलेल्या धातूचं वजन तर वाढलेलं भरायचं. काहीतरी निघून गेलं आणि वजन वाढलं, हे कसं? काही रसायनशास्त्रज्ञ म्हणाले, फ्लॉजिस्टनच्या अंगी लेव्हिटी आहे, ते धातूला वर उचलून धरत होतं. पुढे लाव्हाझिएने दाखवलं की धातू हवेतला वायू घेतो म्हणून जड होतो. त्यानंतर पदार्थविज्ञानातून लेव्हिटी गेली ती गेलीच.

मेणबत्तीची ज्योत वर का जाते हे शिकवताना मी मुलांना ही गोष्ट सांगतो. चूक होती, पण तिच्यामागचं निरीक्षण खोटं नव्हतं. पागोळी ताई, तुमच्या बाबांच्या शेऱ्यातला शब्द कधीकाळी ज्योतीच्या स्वभावाचं नाव होता, एवढं तरी आईंना नक्की सांगा.

टिपणी
मी राज्य शासनात ३१ वर्षं नोकरी केली. शेवटची बारा वर्षं हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले. इथे व्युत्पत्ती चालली आहे ती वाचायला आनंद वाटतो, पण कचेरीच्या बाजूने दोन गोष्टी सांगणं गरजेचं वाटतं.

असे शेरे लिहिणारा माणूस बहुधा स्वतःचे शब्द लिहीत नसे. आधीच्या साहेबाने कोणते शब्द वापरले ते बघायचं आणि तेच उचलायचं. इंग्रज गेले तरी त्यांची विशेषणं कपाटात तशीच होती. 'सोबर', 'टॅक्टफुल', 'अमेनेबल टु डिसिप्लिन' हे चांगल्या बाजूला, आणि 'लेव्हिटी', 'कॅज्युअल', 'अर्गुमेंटेटिव्ह' हे वाईट बाजूला. माणूस समोर बसलेला असे आणि त्याचं वर्णन पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदावरून उतरत असे. त्यामुळे 'लेव्हिटी' म्हणजे वडील थिल्लर होते असा अर्थ काढू नका. साहेबाच्या अपेक्षेपेक्षा ते जास्त हसायचे, एवढाच अर्थ धरा.

दुसरं असं की प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला लेखी कळवावा लागतो, आणि त्यावर त्याला मुदतीत निवेदन देता येतं. वडिलांनी दिलं होतं का? ट्रंकेतले बाकीचे कागद तपासा. आणि त्याच कागदाची मागची बाजूही बघा. त्या काळात पाठकोरा कागद कोणी वाया घालवत नसे.

मीही एका कनिष्ठ लिपिकाच्या अहवालात "वागणुकीत गांभीर्य आढळत नाही" असं लिहिलं होतं. मुलगा जेवणाच्या सुट्टीत टेबलावर ताल धरून गाणी म्हणायचा, एवढाच त्याचा गुन्हा. त्याची आवक-जावक नोंदवही सगळ्या शाखेत नीटनेटकी होती. ते वाक्य मी आज लिहिणार नाही.

तिरफळ
टिपणी काका, हे मोकळेपणाने लिहिलंत म्हणून आभार.

मी काल अडकित्ताला विरोध केला खरा, पण रात्रभर 'थिल्लर' शब्द डोक्यात होता, म्हणून पुन्हा लिहिते. जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे डबकं. घोट्याएवढं पाणी, उन्हाळ्यात आटणारं. म्हणजे थिल्लरपणा आणि उथळपणा हे मुळात एकच, दोन्ही पाण्याचे शब्द. विनोद फसला की आपण पाणचट म्हणतो, तिथेही पाणी. आणि "उथळ पाण्याला खळखळाट फार" तर सगळ्यांना पाठ.

आता उलट बाजू बघा. गंभीर हा शब्द आपण लांब चेहऱ्याशी जोडतो, पण संस्कृतात गंभीर म्हणजे आधी खोल. गंभीर डोह, गंभीर नाद. उज्जैनजवळून वाहणाऱ्या नदीचं नावच गंभीर.

म्हणजे इंग्रजीने लॅटिनकडून तराजू घेतला. जड तो चांगला, हलका तो वाईट. आपण काठी घेऊन पाण्यात उतरलो. खोल तो चांगला, उथळ तो वाईट. आता मला वाटतं पागोळीची अडचण इथेच आहे. लेव्हिटीला थिल्लरपणा म्हटलं की वजनाची तक्रार खोलीची होऊन बसते. साहेब म्हणतोय "हा माणूस हलका आहे", आणि शब्दकोश सांगतोय "हा माणूस उथळ आहे". हलका माणूस खोल असू शकतो. विहिरीवर पान तरंगतं म्हणून विहीर उथळ होत नाही.

सदाफुली
तिरफळ, हा प्रतिसाद मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे.

अडकित्ता
तिरफळचं म्हणणं देखणं आहे, पण पूर्ण खरं नाही. मराठीही वजनाने मोजते. भारदस्त माणूस, वजनदार पुढारी, "त्याच्या शब्दाला वजन आहे", "पोकळ गप्पा". आणि 'गौरव' हा शब्द तर गुरुपासूनच, म्हणजे शब्दशः जडपणा. शाल-श्रीफळ देऊन आपण माणसाला जडच करतो.

पण पागोळीच्या वडिलांपुरतं मी माझं पहिलं उत्तर मागे घेतो. थिल्लर नको.

तिरफळ
गौरव सुचलं नव्हतं. मान्य. तराजू आपल्याकडेही आहे, मग असं म्हणते की मराठीकडे दोन्ही मापं आहेत आणि भाषांतर करताना आपण चुकीचं उचलतो.

मेतकूट
अवांतर, पण विषय हलका-जड असाच आहे म्हणून लिहिते. आयुर्वेदात पदार्थाच्या वीस गुणांची यादी गुरु आणि त्याच्या उलट लघु इथूनच सुरू होते. मूग लघु, उडीद गुरु. आमच्या आजीला हे शब्द माहीत नव्हते, पण ताप उतरल्यावर पहिल्या दिवशी मुगाची मऊ खिचडी आणि वर तुपाची धार, उडदाचा वडा मात्र पंधरा दिवस बंद. "हलकं आहे, पोटाला बरं" हे तिचं वाक्य. स्वयंपाकघरात हलकं म्हणजे नेहमीच कौतुक. इडली हलकी झाली पाहिजे, पुरणपोळी हलक्या हाताने लाटली पाहिजे. जड झालेला पदार्थ कोणाला आवडतो?

वाळवण
मेतकूट ताई, आता भूक लागली.

सूर_माड
पणजीहून लिहितो. भूर्जपत्र यांनी लेव्हिसचं कूळ सांगितलं, त्यातल्या एका शब्दाकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. तो म्हणजे कार्निव्हाल.

पुष्कळ जण सांगतात की कार्निव्हाल म्हणजे 'कार्ने व्हाले', मांसा तुला निरोप. ती लोकांनी मागाहून जुळवलेली गोष्ट. खरा शब्द 'कार्ने' आणि 'लेव्हारे' यांचा आहे. लेव्हारे म्हणजे उचलणं, बाजूला करणं, आणि ते लेव्हिसपासूनच. उपासाच्या चाळीस दिवसांआधी घरातलं मांस बाजूला करायचं, म्हणून आधीचे दिवस खाण्यापिण्याचे. आमच्याकडे ह्या सणाला इंत्रुज म्हणतात. राजा मोमो येतो, खा, प्या, मजा करा असं फर्मान काढतो, आणि चार दिवसांनी राख बुधवार. कपाळावर राखेचा क्रूस, आणि सगळं शांत.

मला यात असं दिसतं की हलकेपणा आणि गांभीर्य यांचं भांडण जुन्या लोकांनी दिनदर्शिकेतच मिटवलं होतं. दोघांनाही दिवस नेमून दिले. माझी आजी इंत्रुजात तोंडाला पीठ फासून शेजाऱ्यांच्या घरात शिरायची आणि राख बुधवारी पहाटे इगर्जीत पहिल्या बाकावर असायची. तिला कोणी उथळ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

अजून एक. आंबवण्याला इंग्रजीत 'लेव्हन' म्हणतात, तेही ह्याच घरातलं. आमचे पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पावाचं पीठ माडाच्या सुरेने आंबवत, त्याने पीठ वर येई. मेतकूट ताईंच्या इडलीला हे सांगा.

मेतकूट
सांगितलं. उद्यासाठी पीठ घातलंय.

जोडपत्र
वकिली करतो. कोर्टात 'लेव्हिटी' क्वचित ऐकू येते, पण तिची बहीण 'फ्रिव्होलस' रोजची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १६ खाली कोर्ट कैफियतीतला फ्रिव्होलस मजकूर काढून टाकायला सांगू शकतं. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फ्रिव्होलस तक्रार करणाऱ्याला दहा हजारांपर्यंत खर्च भरायला लावायची तरतूद होती. अशिलाला हे मराठीत समजावताना माझी पंचाईत होते. 'क्षुल्लक' म्हटलं तर त्याला वाटतं रक्कम लहान आहे म्हणून कोर्ट हाकलतंय. रक्कम कोटीची असली तरी दावा फ्रिव्होलस असू शकतो, कारण त्यात दमच नाही. शेवटी मी "बिनबुडाची" म्हणतो. बघा, पुन्हा पाण्याच्या भांड्याचाच शब्द आला.

नीरेकाठी
सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कोणीच मांडली नाही म्हणून लिहिते.

हा शब्द पुरुषाला लावला की अर्थ होतो थट्टेखोर. बाईला लावला की अर्थ घसरतो. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात लेव्हिटीचा पहिला अर्थ वजनाने हलकेपणा, मग मन स्थिर नसणं, मनाचा सैलपणा, आणि गांभीर्य नसलेली मौज अगदी शेवटी. बाईच्या बाबतीत समाज त्या मधल्या अर्थांवर थांबायचा. जुन्या इंग्रजीत बाईची 'लेव्हिटी' म्हणजे तिच्या चारित्र्यावर बोट.

आपल्याकडे वेगळं काय आहे? पुरुष मिस्कील, बाई छचोर. पुरुष दिलखुलास, बाई "जरा जास्तच हसते". माझ्या पहिल्या नोकरीत एका वरिष्ठाने मला बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, कॉरिडॉरमध्ये तुमचं हसू ऐकू येतं." मी तेवीस वर्षांची होते. नंतर दोन वर्षं मी तोंडावर रुमाल धरून हसले. ती सवय मोडायला पुढे किती वर्षं लागली ते मलाच माहीत.

म्हणून पागोळी, तुझ्या बाबांना हा शेरा मिळाला आणि तरी ते हसायचे थांबले नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

टिपणी
नीरेकाठी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

लीड्सकर
इंग्लंडात एकोणीस वर्षं आहे. इथे हा शब्द आता जुना वाटतो, पण मेलेला नाही, आणि त्याची चाल बदलली आहे. पूर्वी तो दोष सांगायला वापरत. आता पुष्कळदा कौतुकाने वापरतात, ताणलेल्या प्रसंगी कोणी हसवलं की "थोडी लेव्हिटी आली, बरं झालं" अशा अर्थाने. गेल्या वर्षी शेजारच्या आजोबांच्या अंत्यविधीला गेलो होतो. त्यांच्या मुलाने भाषणात सांगितलं की बाबा चाळीस वर्षं एकच छत्री दुरुस्त करून वापरत होते, आणि सगळं चर्च हसलं. रडत रडत हसलं. बाहेर पडताना पाद्री मुलाला हाच शब्द म्हणाला आणि त्याचा हात दाबला.

आपल्याकडे ह्यासाठी "वातावरण हलकं केलं" हा वाक्प्रचार आहेच. नाम मात्र नाही.

अडकित्ता
समर्थांनी "टवाळा आवडे विनोद" म्हटलंय, तेव्हा आपल्या परंपरेतही ग्रॅव्हिटीचा पक्ष भक्कम आहे हे विसरू नका.

भूर्जपत्र
अडकित्ता, त्या ओवीच्या पुढचे चरण बघा. उन्मत्ताला नाना छंद, तामसाला आणखी काही. कोणाला काय गोड वाटतं याची ती यादी आहे. एक चरण उचलून समर्थांना विनोदाचे वैरी ठरवणं बरोबर नाही. ज्यांनी मूर्खाची लक्षणं इतक्या बारकाईने लिहिली, ते लिहिताना हसले नसतील असं मला वाटत नाही.

अडकित्ता
मूर्खलक्षणांचा मुद्दा जबरदस्त. हरलो.

पागोळी
किती लिहिलंत सगळ्यांनी. सगळं प्रिंट करून घेतलं आहे.

टिपणी काका, तुम्ही म्हणालात म्हणून कागद उलटून पाहिला. मागे पेन्सिलीने बाबांचं अक्षर आहे. वरती तीन शब्द, एकाखाली एक. 'हलका', त्यावर काट. 'उथळ', त्यावर जोरात काट, इतकी की कागद फाटायला आलाय. तिसरा 'खेळकर', पुढे प्रश्नचिन्ह, काट नाही. त्याखाली रेघ मारून धोब्याचा हिशेब: शर्ट ६, लेंगे ४, चादर १.

म्हणजे १९७१ साली बाबाही हाच शब्द शोधत बसले होते. मी तो कागद हातात धरून बराच वेळ पलंगावर बसून राहिले.

निवेदनाची प्रत काही मिळाली नाही.

मग काल संध्याकाळी आईला सगळं वाचून दाखवलं. ज्योतीची गोष्ट, विहिरीवरचं पान, इंत्रुजातली आजी, नीरेकाठीचा रुमाल. रुमालाशी आई म्हणाली, "तिला सांग, आता मोठ्याने हस." शेरा सांगितला तेव्हा माझाच आवाज बारीक झाला होता. तिला अजिबात वाईट वाटलं नाही. म्हणाली, "हां, ते पिंपाचं होय!"

झालं होतं असं. कचेरीत पिण्याच्या पाण्याचं पिंप फुटलं होतं. नवं घेण्याची फाईल फेब्रुवारीत निघाली. तीन कोटेशनं, मग हिशेब शाखेची हरकत, मग हरकतीचा खुलासा, मग पुन्हा हरकत. सगळे जण घरून तांब्या न्यायचे. जूनच्या मध्यावर फाईल परत बाबांच्या टेबलावर आली, "सद्यस्थिती कळवा" अशा शेऱ्यानिशी. बाबांनी त्याखाली टिपणी लिहिली: उन्हाळा निकाली निघाला आहे, आता पिंपाऐवजी छत्र्यांची मागणी नोंदवावी काय, आदेशार्थ सादर.

फाईल तशीच वर गेली. मधल्या कोणी वाचली नाही. थेट मोठ्या साहेबांनी वाचली.

बढती दोन वर्षं पुढे गेली. आई म्हणाली, त्या दोन वर्षांत सदाशिव पेठेतली खोली सोडता आली नाही, याचं तिला वाईट वाटायचं. पण त्या संध्याकाळी बाबा घरी आले, तिला फाईलवर काय लिहिलं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आणि ती इतकी हसली की स्टोव्हवरचं दूध उतू गेलं. हे सांगतानाही ती हसत होती.

मग मी विचारलं, "आई, तू काय म्हणशील ह्याला? एका शब्दात?" ती म्हणाली, "हलकंफुलकं माणूस होतं ते."

तिरफळ
हलकंफुलकं! इतक्या प्रतिसादांत आम्हाला कोणालाच सुचलं नाही.

भूर्जपत्र
लघु आहेच त्यात, आणि दोष तेवढा गळून गेला. मी माझ्या टिपणवहीत लेव्हिटीपुढे हाच शब्द लिहितोय.

टिपणी
पागोळी, ती टिपणी माझ्या टेबलावर आली असती तर मी काय केलं असतं, याचा सकाळपासून विचार करतोय. 'आदेशार्थ सादर' पर्यंत नमुना अगदी बिनचूक आहे.

जोडपत्र
आणि फ्रिव्होलस अजिबात नाही. मागणीला पूर्ण आधार होता.

नीरेकाठी
आईंचा निरोप पोचला. आत्ता स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले.

वाळवण
छत्र्या मिळाल्या का?

पागोळी
थांबा, आईला विचारते.

पागोळी
छत्र्या नाही मिळाल्या. पिंप आलं, पुढच्या जानेवारीत. आई म्हणते, पाणी इतकं गार असायचं की कोणी पीत नसे.